नोंदवहीतले शून्य आणि पाच

तुमच्याकडे आरोग्यसेविका दर महिन्याला उंची घेतात, तरी यादीत खुजी मुलं जेमतेम. बाहेरच्या पथकाने मोजलं तेव्हा मात्र बरीच निघाली. पुन्हा प्रशिक्षण ठेवावं का, असं तुम्ही विचारलंय.

इतक्यात नको. आधी नोंदवही उघडा आणि उंचीचा दशांशातला आकडा बघत जा. नीट मोजलेल्या शंभर नोंदींत .० आणि .५ मिळून विसेक यायला हव्यात; त्याहून बऱ्याच जास्त असतील तर आकडे अंदाजाने लिहिलेत. मी तपासलेल्या एका वहीत पानंच्या पानं ७२.०, ७५.५, ८०.० अशीच होती. त्या सेविकेला व्याख्या विचारली तर घडाघडा म्हणाली: वयाच्या मानाने उंची −२ एसडीच्या (एसडी म्हणजे प्रमाण विचलन, सरासरीपासूनचं अंतर मोजायचं एकक) खाली गेली की खुजं, −३ च्या खाली तीव्र. तिला येत सगळं होतं, पण मोजायला ती एकटीच होती. दोन वर्षांखालच्या मुलाला आडवं मोजताना एकीने डोकं फळीला टेकवून धरायचं, दुसरीने गुडघे हलके दाबून सरकती फळी तळव्यांना भिडवायची. एकटीच्या हातात मूल रडतं, पाय झाडतं. गुडघा वाकला की लांबी कमी भरते, पाऊल ताणलेलं राहून फळी बोटांना लागली की जास्त.

पण माझ्या मते खरी गफलत वयात होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या (डब्ल्यूएचओ) २००६ च्या वाढीच्या मानकांत मुलग्यांची −२ ची रेघ १२ महिन्यांना ७१.० सेंमी आहे, १५ महिन्यांना ७४.१. समोर ७३ सेंमीचा मुलगा आहे. आई म्हणते, "एक वर्षाचा झालाय." सेविका १२ लिहिते, मुलगा व्यवस्थित. जन्मदाखला पाहिला असता तर १५ निघाले असते आणि तोच मुलगा खुजा ठरला असता. माप अगदी बरोबर घेऊनही मूल सुटलं. म्हणून जन्मतारीख कागदावरून उतरवायची, महिने तिच्यावरून मोजायचे.

नजरेवर तर अजिबात विसंबू नका. वाळलेलं मूल, म्हणजे उंचीच्या मानाने वजन फार कमी असलेलं, दिसून येतं. खुज्याचे हातपाय प्रमाणात असतात, गालही भरलेले, ते फक्त वयाने लहान वाटतं. दंडाचा घेर मोजायची पट्टीही वाळलेलं मूल पकडायला आहे, खुजं नाही.

आता तपासणी. दहा मुलं सेविकेने मोजायची, त्याच दिवशी तिचे आकडे न बघता तुम्ही. (फळी धरायला दोघींनाही जोडीदार हवाच.) फरक ७ मिमीच्या वर गेला की दोघींनी पुन्हा मोजायचं. ज्या अभ्यासावर ही मानकं उभी आहेत, त्यात दोन मोजणाऱ्यांमधल्या फरकाची मर्यादा हीच होती. चूक दर वेळी सेविकेचीच निघेल असं समजू नका. पहिल्या खेपेला माझीच निघाली होती, बाळाच्या केसांतली क्लिप काढायची राहिली होती.

हे सुरू केलंत की यादी वाढणार. वरिष्ठांना ते आधीच सांगून ठेवा. वाढलेल्या आकड्याचा जाब सेविकेला विचारला गेला, तर पुढच्या महिन्यात वहीत पुन्हा ७५.५ दिसायला लागेल.