'धर्मादाय'मध्ये मानवी हक्क बसतात का?

प्रश्न असा: मानवी हक्क आणि समानतेचे काम करणाऱ्या संस्थेला 'धर्मादाय' कसे म्हणायचे? त्यात धर्म कुठे आला?

धर्म आहे, पण पूजाअर्चेचा नव्हे. 'काही धर्म करा माय' किंवा 'धर्मार्थ दवाखाना' यांतला धर्म म्हणजे दान. पुढचे पद 'आदाय' घ्यावे, 'दाय' नव्हे. नाहीतर मधला 'आ' उपरा राहतो. दाय म्हणजे वारशाचा वाटा (त्यावरून दायाद, म्हणजे वारसदार), आदाय म्हणजे घेतलेले, जमा झालेले. बँकेतला 'आदाता', म्हणजे ज्याला पैसे मिळायचे तो, याच कुळातला. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, १९५० चे कलम ९ तर निव्वळ धार्मिक शिकवण किंवा उपासना 'धर्मादाय'तून चक्क वगळते. तेव्हा शब्द बदलायची गरज नाही.

अडचण 'इतर' या शब्दात आहे. कलम ९ गरिबी वा संकटाचे निवारण, शिक्षण, वैद्यकीय मदत वगैरे नावानिशी सांगते आणि शेवटी 'सार्वजनिक उपयोगाचे इतर कोणतेही उद्दिष्ट' म्हणते. मानवी हक्कांना शिरायला हेच दार. या कायद्याखालच्या नोंदणीपुरते ते पुरते, पण आयकरात 'इतर' महागात पडते. आयकर कायद्यातही असाच 'इतर' गट आहे. त्यातल्या संस्थेने शुल्क घेऊन व्यापारी स्वरूपाचे काम केले, तर त्या जमेला एकूण जमेच्या २० टक्क्यांची मर्यादा आहे (२०१५ पासून). गरिबांना मदत किंवा शिक्षण या गटांना ही अट नाही. शुल्क घेऊन समानतेची प्रशिक्षणे देणारी संस्था इथेच अडकते. इंग्लंडने २००६ च्या कायद्यात मानवी हक्क आणि समानता ही उद्दिष्टे नावानिशी घातली. आपणही तसेच करावे, असे माझे मत.

तोवर संस्थेच्या घटनेत (नियमावलीत) शब्द जपून घाला. 'हक्कांसाठी लढा' किंवा 'अमुक कायदा रद्द करवणे' हे उद्दिष्ट म्हणून लिहिले की राजकीय हेतूचा आक्षेप येतो. काम लिहा: मोफत कायदेविषयक सल्ला, हक्कांचे शिक्षण, अत्याचारग्रस्तांना मदत. यातली पहिली दोन 'गरिबांसाठी' आणि 'शिक्षण' या नावाच्या गटांत बसवता येतात, मात्र अभ्यासक्रम आणि हजेरीपट दाखवता आले पाहिजेत. एखाददुसऱ्या व्याख्यानाला शिक्षण म्हणून कोणी मानत नाही.

आणि 'समता' की 'समानता'? मसुद्यात 'समानता'. संविधानाच्या मराठी उद्देशिकेत 'दर्जाची व संधीची समानता' असेच आहे. 'समता' घोषणेत शोभते.