व्हॉल्व्ह आहेत, पण ऑइल भरायला जागा नाही: हे इंजिन टू-स्ट्रोक की फोर-स्ट्रोक?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ब्रशकटरचं इंजिन उघडलं, वर कव्हरखाली रॉकर (व्हॉल्व्ह दाबणारे छोटे दांडे) आणि दोन व्हॉल्व्ह दिसले, म्हणजे फोर-स्ट्रोक. पण डिपस्टिक नाही, ऑइलचं बूच नाही, आणि टाकीवर लिहिलंय की पेट्रोलमध्ये ऑइल मिसळा. मग ऑइल जातं कुठून? आणि कुणीतरी सुचवलंय तसं रॉकर कव्हरमध्ये ५० मिली इंजिन ऑइल ओतू का?

इंजिन फोर-स्ट्रोकच आहे. फक्त त्याचं वंगण टू-स्ट्रोकच्या पद्धतीनं, म्हणजे पेट्रोलमध्ये मिसळलेल्या ऑइलनं होतं. स्टिल कंपनी या रचनेला 'फोर-मिक्स' म्हणते. तिच्या २८.४ आणि ३६.३ सीसीच्या इंजिनांत ती आहे. होंडाचं जीएक्स२५ वेगळं: त्यात सुमारे ८० मिली ऑइल स्वतंत्र भरतात आणि त्याचं धुकं इंजिनभर फिरवतात. तुमच्यात तेही नाही.

खरी गंमत क्रँककेसमध्ये, म्हणजे पिस्टनखालच्या बंद पोकळीत आहे. एक सिलिंडर असला की पिस्टन वर जाताना खालची पोकळी मोठी होते आणि खाली येताना तेवढीच लहान होते. २८.४ सीसीच्या इंजिनात हा फरक प्रत्येक खेपेला २८.४ सीसीचा. ६००० आरपीएमला क्रँककेस सेकंदाला १०० वेळा श्वास घेतं आणि सोडतं. साध्या फोर-स्ट्रोकला हा त्रासच असतो, म्हणून ब्रीदर लावून तो दाब बाहेर काढतात. इथे तोच श्वास कामाला लावलाय. कार्ब्युरेटरकडून येणाऱ्या इनटेकच्या वाटेतून एक बारीक आडवाट रॉकरच्या खोलीत जाते. तिथून पुशरॉडच्या (रॉकरला खालून ढकलणाऱ्या दांड्याच्या) पोकळीतून खाली कॅमच्या गिअरपाशी, आणि पुढे क्रँककेसमध्ये. पिस्टन वर चढला की पेट्रोल-ऑइलचं धुकं या वाटेनं खाली ओढलं जातं, उतरला की त्याच वाटेनं परत इनटेककडे ढकललं जातं. गरम भागांवर पेट्रोलची वाफ होऊन जाते, ऑइलचे बारीक थेंब धातूला चिकटून राहतात. परतलेलं मिश्रण पुढच्या सक्शनला सिलिंडरमध्ये जाऊन जळतं.

एवढ्याशा ऑइलवर भागतं कसं? कनेक्टिंग रॉड आणि क्रँक रोलर किंवा नीडल बेअरिंगवर फिरतात. गाडीच्या इंजिनातल्या बुश बेअरिंगला दाबाखालचं ऑइल लागतं, यांना ओलावा पुरतो. आणि खाली ऑइलचं तळंच नसल्यामुळे मशीन आडवं धरा, उलटं धरा, फरक पडत नाही. हातात धरायच्या मशीनसाठी हा सगळा खटाटोप त्यासाठीच आहे.

खात्री करायची असेल तर प्लग काढा, रॉकर कव्हर काढा, दोर हळू ओढत रॉकरकडे बघा. प्रत्येक रॉकर क्रँकच्या दोन फेऱ्यांत एकदाच दबतो, हीच फोर-स्ट्रोकची खूण. स्पार्कवरून मात्र ठरवू नका. मॅग्नेटोचा चुंबक फ्लायव्हीलवर असतो, त्यामुळे स्पार्क प्रत्येक फेरीला पडतो. एक कामाचा, एक एक्झॉस्टच्या वेळी फुकट. यावरून बरेच जण त्याला टू-स्ट्रोक ठरवून मोकळे होतात.

आता बिघाड कुठे होतात ते. या रचनेत रॉकरची खोली इनटेकला जोडलेली आहे, हे डोक्यात ठेवा. साध्या इंजिनात रॉकर कव्हरची गॅस्केट गेली तर ऑइल पाझरतं, एवढंच. इथे तिथून बाहेरची हवा आत ओढली जाते, मिश्रण पातळ होतं, आणि पेट्रोल कमी म्हणजे ऑइलही कमी. इंजिन एकाच वेळी तापतं आणि कोरडं पडतं. लक्षण असं की अ‍ॅक्सिलरेटर सोडल्यावरही आरपीएम लवकर खाली बसत नाही, आयडल वरखाली होत राहतं. अशा वेळी लोक आधी कार्ब्युरेटरचा स्क्रू फिरवतात. माझ्या मते आधी कव्हरची कड बघावी. तिथे तेलकट, धूळ चिकटलेली रेघ दिसली तर गॅस्केट बदला. क्रँकच्या सीलचंही तेच.

दुसरा नेहमीचा बिघाड व्हॉल्व्हच्या गॅपचा, म्हणजे रॉकर आणि व्हॉल्व्हच्या दांड्यामधल्या फटीचा. व्हॉल्व्ह सीटमध्ये हळूहळू बसत जातो, तसा गॅप कमी होतो. शून्यावर आला की व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही. थंड असताना कसंबसं सुरू होणारं इंजिन गरम झाल्यावर सुरूच होत नाही. या इंजिनांत गॅप साधारण दोन्हींचा ०.१० मिमी असतो, तरी आपल्या मॉडेलचं पुस्तक बघा. इंजिन पूर्ण थंड हवं. प्लगच्या भोकात प्लास्टिकची स्ट्रॉ सोडून पिस्टन सगळ्यात वर आणा. तिथे दोन्ही रॉकर सैल लागले तर कॉम्प्रेशनचा टीडीसी (पिस्टनचं सगळ्यात वरचं टोक) आहे. क्रँक जरासा मागेपुढे हलवताच रॉकर हलू लागले तर तो एक्झॉस्टनंतरचा टीडीसी, अजून पूर्ण एक फेरी द्या. फिलर गेजची पट्टी किंचित अडखळत सरकली पाहिजे. लॉकनट आवळताना स्क्रू हमखास फिरतो, म्हणून आवळल्यावर पुन्हा मोजा.

मिश्रण १:५०, म्हणजे लिटरला २० मिली, पाच लिटरला १०० मिली. टू-स्ट्रोकचंच ऑइल, जासो या जपानी मानकाच्या एफडी दर्जाचं असलं तर उत्तम. शेवटी सगळं ऑइल व्हॉल्व्हच्या तोंडाशीच जळतं. गाडीचं १०डब्ल्यू-३० घातलं तर त्यातल्या पदार्थांची राख एक्झॉस्ट व्हॉल्व्हवर जमते आणि कॉम्प्रेशन जातं. बोटीच्या पाण्यानं थंड होणाऱ्या इंजिनांचं टीसी-डब्ल्यू३ ऑइलही इथे नको, हे इंजिन हवेवर थंड होतं आणि जास्त तापतं. आणि 'फोर-स्ट्रोक आहे ना' म्हणून नुसतं पेट्रोल घातलं, तर एका टाकीतही इंजिन जाम होऊ शकतं.

तेव्हा रॉकर कव्हरमध्ये ऑइल ओतू नका. ते तिथे थांबणारच नाही. आडवाटेनं इनटेकमध्ये येईल, पांढरा धूर निघेल आणि प्लग ओला होऊन स्पार्क बंद पडेल. आधीच ओतलं असेल तर स्विच बंद करा, प्लग काढा, प्लगची टोपी भोकापासून लांब ठेवा, मशीन प्लगचं भोक खाली येईल असं धरून दोर दहा-बारा वेळा ओढा. कव्हर उघडून साचलेलं ऑइल फडक्यानं टिपून घ्या. मग कोरडा प्लग लावा. पहिली काही मिनिटं धूर येईलच, तो ओतलेलं ऑइल जळून संपेपर्यंत राहील.