आधी सांगा, तुकडा कड्यातून काढलाय की उतारावरून उचललाय?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला आणि पोटात गोळाच आला. हिमाचलातल्या स्पितीत, पराहिओ नदीच्या बाजूला तुम्ही दोन सेक्शन (खालपासून वरपर्यंतचे उघडे थर) मोजलेत, मध्ये एक घळ. एका सेक्शनमध्ये ऑरिक्टोसेफॅलस हा ट्रायलोबाइट (नामशेष झालेला, कवचाचा समुद्री संधिपाद प्राणी) खाली मिळतो, दुसऱ्यात ‘तोच’ जवळजवळ ९० मीटर वर. सोबत मिलिमीटरभराची दुकपाटी कवचं आहेत, त्यांना तुम्ही ऑस्ट्राकॉड (शिंपल्यासारख्या कवचात राहणारे कोळंबीचे बारीक भाऊबंद) म्हणताय. गाइडचं म्हणणं, घळीत फॉल्ट, म्हणजे थर तुटून सरकल्याची भेग, दाखवा आणि मोकळे व्हा. आणि तुम्ही विचारताय, वय ट्रायलोबाइटवरून ठरवू की ऑस्ट्राकॉडवरून.

त्या घळीत फॉल्ट मी एकदा काढून बसले आहे. तुमच्याच घळीत नसेल, पण तशाच एका घळीत. त्यामुळे हे उत्तर लांबणार. मी गेली बरीच वर्षं शिकवतेय, प्रत्यक्ष कॅम्ब्रियनवर (पन्नासएक कोटी वर्षांपूर्वीचा हा काळ) काम करत नाही, तेव्हा प्रजातींच्या नावांबाबत माझा शब्द अखेरचा धरू नका. ट्रायलोबाइटचं डोकं कुठलं, शेपूट कुठली, झोन म्हणजे काय, हे सगळं तुम्हाला येतं असं धरून चालते.

१९९७चा उन्हाळा. साडेतीन हजार मीटरच्या वर, दुपारी दोननंतर वारा असा सुटायचा की फिल्डबुकाची पानं धरायला वेगळा माणूस लागावा. चहासाठी एका कड्याच्या पायथ्याशी बसलो होतो. बूट टेकवला तिथेच, पायाशी, एक क्रॅनिडियम, म्हणजे ट्रायलोबाइटच्या डोक्याचा मधला भाग. अख्खं. आठवडाभर चुरा गोळा केल्यावर असं काही दिसलं की माणसाचं काय होतं ते तुम्हाला सांगायला नको. उचललं, वर्तमानपत्रात गुंडाळलं, आणि पाठीमागच्या कड्याचा जो नंबर चालू होता तोच पुडीवर घातला. तो तुकडा त्या कड्यातला आहे का, हा प्रश्न मनात आलाच नाही. चहा निवत होता.

तो त्या कड्यातला नव्हता. वरून घरंगळत आला होता, किती वरून ते आजही सांगता येणार नाही. पण माझ्या वहीत त्या प्रजातीचं पहिलं दर्शन (ती सर्वात खाली जिथे मिळते ती पातळी) एकदम शंभरहून जास्त मीटर खाली सरकलं.

इथपर्यंत ती नुसती चूक होती. खरा गाढवपणा पुढचा. पुण्याला येऊन दोन्ही सेक्शनचे बिंदू शॉ यांच्या १९६४च्या पद्धतीने आलेख-कागदावर मांडले: एका अक्षावर एक सेक्शन, दुसऱ्यावर दुसरा, प्रत्येक प्रजातीचं पहिलं आणि शेवटचं दर्शन म्हणजे एकेक बिंदू. अकरा बिंदूंपैकी दहा झकास एका रेषेत आले. एक बाहेर. शाळकरी मुलानेही बाहेरच्या बिंदूकडे बोट दाखवलं असतं. पण तो माझा सर्वात देखणा नमुना होता, त्याचं नाव चीनच्या यादीत होतं, फोटोही सुंदर आला होता. म्हणून मी त्या एका बिंदूसाठी घळीत फॉल्ट काढला आणि उरलेले दहा ‘फेसीजमुळे (गाळ साचण्याच्या परिस्थितीमुळे) पुढेमागे’ म्हणून उडवून लावले. घळीत मुरूम आणि डबर भरलेलं, खालचा खडक दिसतच नव्हता, त्यामुळे मला खोटं पाडणारंही कोणी नव्हतं. नकाशावर ती तुटक रेघ फार शोभून दिसायची.

पुढच्या हंगामात परत गेलो. त्या कड्यावर अडीच दिवस छिन्नी चालवली. त्या प्रजातीचा कपटासुद्धा नाही. तेव्हा कुठे क्रॅनिडियमच्या मागच्या बाजूचा खडक भिंगाखाली धरला. तपकिरी, दाणेदार, शिंपल्यांचा चुरा असलेली चुनखडी. आणि कडा होता करड्या, अभ्रकाने चमकणाऱ्या सिल्टस्टोनचा, म्हणजे बारीक गाळाच्या खडकाचा. म्हणजे ही गोष्ट पहिल्याच दिवशी, चहाचा कप हातात असताना, दहापट भिंगातून दिसली असती. एक प्रकरण फाडलं, नकाशा नव्याने काढला, वर्ष गेलं.

वर्ष गेलं म्हणून फेलोशिपची मुदत वाढवून मागितली. त्या कार्यालयाचं नाव घेत नाही. तिथल्या बाईंनी शांतपणे विचारलं, ‘जीवाश्म चुकीच्या जागी होता याचं प्रमाणपत्र कोण देणार?’ तीन खेपा घातल्या. तिसऱ्या खेपेला फाइल ‘वर’ गेली होती, आणि मला वाटतं अजून वरच आहे. शेवटचे आठ महिने शिकवण्या घेऊन काढले. असो. हे तुमच्या कामाचं नाही, पण मुदतवाढीचा अर्ज चूक सापडण्याच्या आधीच टाकून ठेवा, एवढं घ्या त्यातून.

तर तुमच्या ९० मीटरबद्दल. फॉल्टला हात लावण्याआधी तीन गोष्टी तपासा असं माझं स्पष्ट मत आहे, तुमच्या गाइडचं काहीही असो.

पहिलं, माझीच वर सांगितलेली चूक. दोन्ही तुकड्यांमागचा खडक आणि जिथला नंबर घातलाय तिथला खडक शेजारी ठेवून बघा. शंका राहिली तर पातळ छेद घ्या. नमुना सुंदर आहे म्हणून कापायला हात धजत नसेल तर कोपऱ्यातून कापा, पण कापा. आणि यापुढे उतारावर उचललेल्या प्रत्येक तुकड्याला वेगळी पिशवी, नंबराआधी ठळक ‘सुटा’. सुटा तुकडा फेकून देऊ नका, वर कुठे शोधायचं ते तो सांगतो. फक्त त्याला उंची देऊ नका.

दुसरं, पराहिओ फॉर्मेशनचा, म्हणजे तिथल्या कॅम्ब्रियन थरांच्या गटाचा, स्वभाव. बहुतेक सगळा वालुकाश्म, सिल्टस्टोन आणि शेल, मधूनमधून चुनखडीच्या पातळ पट्ट्या. ट्रायलोबाइट मिळतात ते मुख्यतः त्या पट्ट्यांत आणि मोजक्या शेलमध्ये. मधल्या जाडजूड वालुकाश्मात काही मिळत नाही. याचा अर्थ प्राणी नव्हते असा नाही, टिकले नाहीत एवढाच. मग एका सेक्शनला नेमकी योग्य पट्टी उघडी असेल आणि दुसऱ्याला ती डबराखाली असेल, तर तुमचं ‘पहिलं दर्शन’ आपोआप पुढच्या पट्टीवर जाऊन बसतं. ९० मीटरचा फरक एवढ्यानेच पडू शकतो. म्हणून एका प्रजातीवर रेघ ओढू नका. कोणानंतर कोण येतं हा क्रम दोन्हीकडे जुळतो का ते बघा.

तिसरं, तो ‘तोच’ आहे का? हिमालयात खडक चेंगरले गेलेत. एकाच प्रजातीचं डोकं एका पाटीवर लांबुळकं, दुसऱ्या पाटीवर आडवं रुंद दिसतं, आणि जुन्या लोकांनी त्यांना वेगवेगळी नावं दिली. ह्यूज आणि जेल यांनी १९९०च्या दशकात काश्मीरचे विकृत ट्रायलोबाइट आकडेमोडीने पूर्ववत करून पाहिले, तेव्हा बऱ्याच प्रजाती मुळात एकच निघाल्या. उलटही होतं, चेंगरून दोन वेगळे एकसारखे दिसतात. एका पाटीवर निरनिराळ्या दिशांनी पडलेले चारपाच नमुने मोजलेत तरच बोला. फोटोआधी नवसागराची धुरी द्या. खड्डे-उंचवटे असे उठून येतात की अर्धे वाद तिथेच मिटतात. धुरी उघड्यावर द्या, वसतिगृहाच्या खोलीत नको. मी दिली होती, शेजारणीने भांडण काढलं.

ऑरिक्टोसेफॅलसवर तुमचा भर आहे तो मात्र रास्त आहे. ऑरिक्टोसेफॅलस इंडिकस ही आपल्याच मातीतली: हेडन यांनी स्पितीत गोळा केलेल्या साहित्यावरून रीड यांनी १९१० साली वर्णिलेली. आणि आज कॅम्ब्रियनमधल्या वुलिउअन टप्प्याचा, म्हणजे तो ज्या मालेतला पहिला टप्पा त्या मियाओलिंगियन मालेचाही, पाया तिच्या पहिल्या दर्शनावर बांधलाय. २०१८ साली मान्यता मिळाली, खुंटी, म्हणजे त्या सीमेचा जगाने मानलेला बिंदू, मात्र चीनच्या ग्वेइचौ प्रांतात ठोकली. (यावर माझं मत आहे, पण रक्तदाब वाढतो. चीनमधला छेद सलग आणि खोल पाण्यातला आहे, आपला तसा नाही, हे मान्य करते.) त्या पायाचं वय आजच्या तक्त्यात ५१ कोटी वर्षांच्या जरा अलीकडे. पण तो आकडा ट्रायलोबाइट देत नाही, ज्वालामुखीच्या राखेच्या थरांतले झिरकॉनचे स्फटिक देतात, आणि तक्त्याच्या आवृत्तीगणिक तो थोडा हलतो. तुम्ही टप्प्याचं नाव लिहा. आकडा लिहायचाच तर कुठल्या वर्षीच्या तक्त्यातला तेही लिहा.

त्याखाली उतरलात की दुखणं वाढतं. अगदी सुरुवातीचे ट्रायलोबाइट, ५२ कोटी वर्षांच्या आसपासचे, आपापल्या किनाऱ्यांना धरून राहणारे. रेडलिकिया पाकिस्तानातल्या सॉल्ट रेंजला मिळतो, चीनला, ऑस्ट्रेलियाला मिळतो. उत्तर अमेरिकेत आणि स्कॉटलंडमध्ये त्याच्या जागी ओलेनेलस. दोघांची गाठ घालणं अवघड, म्हणूनच पहिल्या ट्रायलोबाइटच्या पातळीवरची सीमा अजून ठरलेली नाही. कॅम्ब्रियनचा खुद्द पायासुद्धा १९९२ साली न्यूफाउंडलंडला ठरला तो एका बिळाच्या ठशावर, ट्रायलोबाइटवर नव्हे. वर गेलं की अॅग्नॉस्टॉइड सोय करतात. ट्रायलोबाइटसारखेच प्राणी, पण वाटाण्याएवढे, आंधळे, जगभर मिळणारे. टायकॅग्नॉस्टस अटॅवस अमेरिकेत युटाला ड्रुमियन टप्प्याचा पाया ठरवतो, ग्लिप्टॅग्नॉस्टस रेटिक्युलेटस चीनमध्ये हुनानला पायबियन टप्प्याचा. तुमच्या वरच्या पट्ट्यांत असलं काही बारीक दिसलं तर मोठ्या ट्रायलोबाइटआधी ते उचला.

आता तुमचे ‘ऑस्ट्राकॉड’. त्यांना ऑस्ट्राकॉड म्हणू नका. कॅम्ब्रियनमधली ही दुकपाटी कवचं पूर्वी सर्रास त्या नावाने जायची, माझ्या प्रबंधातही गेलीत. ती बहुतेक ब्रॅडोरिड, म्हणजे तसंच दुकपाटी कवच असलेले पण वेगळे संधिपाद. चीनमधल्या चंग्च्यांगच्या कुनमिंगेला या ब्रॅडोरिडचे पाय आणि मिशा पाहिल्यावर तो ऑस्ट्राकॉड नाही हे ठरलं. खरे ऑस्ट्राकॉड ऑर्डोव्हिशियनपासून, म्हणजे कॅम्ब्रियनच्या नंतरच्या काळापासून, पुढे. ब्रॅडोरिडही वयासाठी उपयोगी पडतात, काही वंश खूप दूरवर पसरलेले आहेत, पण त्यांचा साक्षीदार म्हणून उपयोग करा, न्यायाधीश म्हणून नको.

आणि समजा, बिजागरी आणि स्नायूंची खूण स्पष्ट असलेलं, कॅल्साइटचं जाड कवच त्याच पिशवीत निघालंच, तर हुरळून जाऊ नका. त्या दरीत कॅम्ब्रियनच्या वर, मधला मोठा खंड सोडून, ऑर्डोव्हिशियनचे लालसर थर तिरके टेकलेत, त्यांच्या वर आणखी चुनखडी. तिथलं डबर खालीच येतं. पिशवीत काय मिसळलं ते आधी बघा. सॉल्ट रेंजच्या मिठाच्या थरांत लाकडाचे आणि किड्यांचे सूक्ष्म कण सापडले म्हणून १९४०च्या दशकात बिरबल साहनींसारख्या मोठ्या पुरावनस्पतीशास्त्रज्ञाने ते थर इओसीन, म्हणजे कितीतरी अलीकडचे, ठरवले होते. थर कॅम्ब्रियनच्या आसपासचेच निघाले. साहनींचं असं झालं, तिथे आपण कोण.

ऑस्ट्राकॉडबाबत मी जरा कडू आहे, कारण माझी सुरुवात नागपूरजवळ टाकळीच्या इंटरट्रॅपीनमध्ये, म्हणजे दख्खनच्या लाव्हाच्या थरांमधल्या गाळात, झाली. (महाराष्ट्रात कॅम्ब्रियनचा ट्रायलोबाइट मिळायचा नाही, म्हणून तर आपण स्पितीला धावतो.) तिथे गोल, फुगीर कवच दिसलं की सायप्रिस सबग्लोबोसा लिहून मोकळं व्हायचं. सॉवर्बी यांनी १८४० साली दिलेलं ते नाव पुढे किती तरी वेगवेगळ्या कवचांना चिकटलं. शिवाय ऑस्ट्राकॉड वाढताना सातआठ वेळा कवच टाकतो. पिल्लाचं कवच वेगळी प्रजाती म्हणून मोजलं की यादी फुगते आणि परीक्षक खूश होतात. लांबी-उंचीचा आलेख काढा. ठिपक्यांचे पुंजके एका ओळीत पडले तर ते एकाच घराण्यातलं आहे.

बाकी किरकोळ. नंबर दगडावर रंगाने घाला, मार्करची शाई पेरॉक्साइडमध्ये जाते. जीपीएसची उंची सेक्शनसाठी वापरू नका, दीड मीटरची काठी आणि क्लिनोमीटर (उताराचा कोन मोजायचं साधन) घ्या. भाग पिन व्हॅली राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत येत असेल तर परवानगीची मूळ प्रत गाडीत ठेवा, झेरॉक्स चालेल असं कोणीही सांगितलं तरी.

आणि हे सगळ्यात आधी लिहायला हवं होतं. ती कवचं सोडवायला चुनखडी ॲसिटिक ॲसिडमध्ये टाकणार आहात असं तुम्ही शेवटी ओझरतं म्हटलंय. फॉस्फेटची असतील तर दहा टक्क्यांत छान सुटतील. कॅल्साइटची असतील तर चुनखडीबरोबर तीही विरघळतील आणि तळाशी नुसता गाळ उरेल. आधी एक तुटकं कवच भिंगाखाली ठेवून त्यावर थेंब टाका. फसफसलं तर बादली आजच रिकामी करा.