सर की मॅडम?

प्रश्न : अक्कलकोट रस्त्यावरच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात मी निर्यातीचा पत्रव्यवहार पाहते. स्पेनच्या एका नव्या गिऱ्हाइकाच्या मेलखाली नुसतं 'पिलार' असतं. मोबाइल त्याचं भाषांतर 'खांब' असं दाखवतो. शब्दकोशात हा शब्द पुल्लिंगी आहे. मग उत्तरात सर लिहू की मॅडम?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : मॅडमच लिहा. 'एल पिलार' म्हणजे खांब, तो पुल्लिंगी. पण पिलार हे नाव बाईचं. पूर्ण नाव बहुतेक वेळा मारिया देल पिलार, म्हणजे खांबावरची मारिया, अर्थात मेरीमाता. एब्रो नदीकाठच्या सारागोसा शहरात मेरीमातेनं खांबावर उभं राहून येशूचा शिष्य संत सांतियागो याला दर्शन दिलं, अशी तिथली श्रद्धा. तो खांब आजही तिथल्या बॅसिलिकेत, म्हणजे मोठ्या चर्चमध्ये आहे. मागच्या बाजूनं त्याचा थोडा भाग उघडा ठेवलाय, भाविक वाकून त्याचं चुंबन घेतात. आपल्याकडे कुंभारकन्येचं लग्न ग्रामदैवत सिद्धरामेश्वरांच्या योगदंडाशी लागलं, म्हणून संक्रांतीच्या यात्रेत त्या दंडाचं प्रतीक असलेल्या उंच नंदीध्वजांवर अक्षता पडतात. सोलापूरकराला खांबाची भक्ती वेगळी समजावून सांगायला नको. आणि गल्लोगल्ली सिद्धाराम, सिद्धेश्वर का भेटतात हे तुम्हाला माहीत आहेच. सारागोसात पिलार तशाच भेटतात. घरात त्यांना पिली म्हणतात.

लिंगाचा घोळ फक्त या एका नावापुरता नाही. कोन्सुएलो म्हणजे दिलासा, रोसारिओ म्हणजे जपमाळ, आम्पारो म्हणजे आश्रय. शब्द सगळे पुल्लिंगी, नावं मुलींची, आणि तीही मेरीमातेच्या रूपांवरून आलेली. मराठीत तरी काय? आकाशात 'तो तारा' उगवतो आणि शेजारची तारा दळण घेऊन येते. कमळ नपुंसकलिंगी, कमलमावशी नाही. नाव ठेवलं की व्याकरण माणसाचं चालतं, वस्तूचं नाही. मला भाषेतली ही गोष्ट फार आवडते.

आता कामाचं. मेलची सुरुवात 'एस्तिमादा पिलार' अशी करा, 'एस्तिमादो' पुरुषांसाठी. पुढे स्वल्पविराम नको, स्पॅनिश पत्रात तिथे अपूर्णविराम (:) देतात. आणि १२ ऑक्टोबरला उत्तराची वाट पाहू नका. त्या दिवशी स्पेनभर राष्ट्रीय सुट्टी असते आणि पिलारमातेचा सणही. सारागोसात पारंपरिक पोशाखातले लोक फुलं घेऊन रांगा लावतात. हा फुलं वाहण्याचा सोहळा १९५८ पासून चालत आलाय. आपल्या नावाच्या संताच्या दिवशी शुभेच्छा घेणं तिथे रूढ आहे. तेव्हा त्या दिवशी मालाच्या तारखा न विचारता एवढंच लिहा : 'फेलिसिदादेस, पिलार.'