महापालिकेच्या बजेटसाठी काम सुचवून ते खरंच होतं का?

तुमचा प्रश्न असा आहे : पुण्यात राहायला येऊन वर्ष झालंय, सोसायटीच्या ग्रुपवर ‘पुढच्या वर्षीच्या अंदाजपत्रकासाठी नागरिकांनी कामे सुचवावीत’ असा महापालिकेचा फॉर्म फिरतोय. तो भरण्यात काही अर्थ आहे का, की नुसता देखावा?

अर्थ आहे. मात्र फॉर्म भरणं हा त्यातला सगळ्यात सोपा भाग. काम होणार की नाही हे त्याच्या आधीच्या आठवड्यात आणि पुढच्या एप्रिलनंतर ठरतं, आणि नेमकं तिथेच बहुतेक लोक गायब असतात. आमच्या भागात मी बरीच वर्षं लोकांना हे फॉर्म भरायला मदत करतो आणि नंतर कामांच्या मागे फिरतो, त्यावरून लिहितोय.

हा प्रकार पुण्यात नवा नाही. तत्कालीन आयुक्त नितीन करीर यांच्या काळात, २००६-०७ च्या सुमारास, नागरिकांकडून कामं मागवायला सुरुवात झाली. सेंटर फॉर एन्व्हायर्न्मेंट एज्युकेशन, जनवाणी अशा संस्था त्यात लोकांना समजावून सांगण्याचं काम करत आल्या आहेत. नियम साधा : काम तुमच्या प्रभागातलं असावं, महापालिकेच्या अखत्यारीतलं असावं आणि त्याचा खर्च ५ लाखांच्या आत बसावा. पदपथ, दिवे, बाकडी, बसथांबे, सार्वजनिक स्वच्छतागृहांची दुरुस्ती, पावसाळी गटारं असल्या गोष्टी. उड्डाणपूल मागू नका, मेट्रोचं स्टेशन हलवायला सांगू नका. हसू नका, लोक मागतात.

पैशाचा आवाका आधीच लक्षात घ्या. पुणे महापालिकेचं २०२५-२६ चं अंदाजपत्रक १२ हजार ६१८ कोटी रुपयांचं होतं. त्यातल्या सहभागी कामांचा, म्हणजे नागरिकांनी सुचवलेल्या कामांचा, वाटा म्हणजे किरकोळ. मोठे रस्ते, पाणीयोजना, सांडपाणी शुद्धीकरण हे सगळं तुम्हाआम्हाला न विचारता ठरतं. तुम्हाला विचारतात ते कोपऱ्यावरच्या चेंबरबद्दल. हे मला पटतं असं नाही, पण म्हणून कोपऱ्यावरचं चेंबर सोडून द्यावं असंही वाटत नाही, कारण पाय त्याच चेंबरमध्ये मुरगळतो.

आता मुद्द्याची गोष्ट. फॉर्मवर ‘आमच्या भागातील रस्ते दुरुस्त करावेत’ असं लिहिलंत तर ते काम नाही, तक्रार झाली. तो कागद कोणीही बाजूला ठेवू शकतो. क्षेत्रीय कार्यालयातला कनिष्ठ अभियंता प्रत्येक सूचनेसमोर तीन गोष्टी बघतो : जागा कोणाची, विभाग कोणता, खर्च किती. या तिन्हींची उत्तरं तुम्ही आधीच लिहून दिलीत तर त्याला ‘नाही’ म्हणायला कष्ट पडतात. म्हणून असं लिहा : ‘अमुक मेडिकलपासून तमुक शाळेच्या फाटकापर्यंत, रस्त्याच्या डाव्या बाजूचा पदपथ, अंदाजे ६० मीटर, उखडलेले पेव्हिंग ब्लॉक बदलणे व दोन चेंबरची झाकणे पदपथाच्या पातळीत आणणे.’ सोबत फोटो. टेप घेऊन स्वतः मोजलं तर उत्तम, पावलांनी मोजलं तरी चालेल.

जागा कोणाची हा प्रश्न सगळ्यात जास्त कामं खातो. शेजारच्या एका सोसायटीने आतल्या रस्त्यावर दिवे मागितले. रस्ता बिल्डरने महापालिकेकडे हस्तांतरित केलेलाच नव्हता, कागदोपत्री तो खासगी. तिथे महापालिका पैसे घालू शकत नाही, आणि ते बरोबरच आहे. सोसायटीच्या लोकांना मात्र पंधरा वर्षं त्या रस्त्याने ये-जा करूनही हे माहीत नव्हतं. तेव्हा फॉर्म भरण्याआधी क्षेत्रीय कार्यालयात एक चक्कर मारा आणि विचारा, ‘साहेब, हा रस्ता आपल्याकडे आहे का?’ तिथल्या कनिष्ठ अभियंत्याला जागेवर यायला सांगा. बोलावणाऱ्याच्या हातात शिवीगाळ नसून टेप असेल तर माणसं येतात, हा माझा अनुभव.

विभागाचंही तसंच. एकदा एका वस्तीतल्या बायकांबरोबर बसून फॉर्म भरत होतो. त्यांना हवं काय होतं? सार्वजनिक स्वच्छतागृहाच्या तीन दारांना आतून कड्या नाहीत, आणि तिथपर्यंत जाणाऱ्या बोळात दिवा नाही. एक बाई म्हणाली, ‘रात्री पोरीला घेऊन जायचं तर एकीने दार धरायचं, एकीने मोबाईलचा टॉर्च.’ दोन्ही गोष्टी मिळून खर्च फार नाही. पण कड्या स्थापत्य विभागाच्या आणि दिवा विद्युत विभागाचा. एकाच फॉर्मवर लिहिलं असतं तर दोन टेबलांमध्ये कागद टोलवला गेला असता. म्हणून दोन फॉर्म केले, दोन्हींवर जागेचं वर्णन तेच. दिवा आधी लागला, कड्यांना वेळ लागला, पण त्याही लागल्या.

या निमित्ताने एक खटकणारी गोष्ट सांगतो. फॉर्म कोण भरतं? ज्यांच्याकडे वेळ आहे, इंटरनेट आहे आणि क्षेत्रीय कार्यालयात गेल्यावर ‘बसा’ म्हणणारं कोणी आहे, ते. त्यामुळे बऱ्या सोसायट्यांच्या आसपास बाकडी वाढत जातात आणि बोळातला दिवा मागायला कोणी जात नाही. तुमच्या घरी कामाला येणाऱ्या ताई, कचरा न्यायला येणाऱ्या मावशी, इस्त्रीवाले दादा याच प्रभागात राहत असतील. त्यांना विचारा आणि त्यांचाही फॉर्म भरा. बाकडी तशीही नगरसेवकांच्या निधीतून येतच राहतात, पाठीवर भल्यामोठ्या अक्षरांत ‘यांच्या संकल्पनेतून’ असं लिहून. पुण्यात बसायला जागा मिळेल न मिळेल, वाचायला नाव नक्की मिळतं.

फॉर्म दिल्यावर काय होतं ते थोडक्यात. क्षेत्रीय कार्यालय छाननी करतं, त्यातली बसणारी कामं प्रभाग समितीपुढे जातात, तिथून आयुक्तांच्या मसुद्यात, मग स्थायी समिती आणि शेवटी मुख्य सभा. ही झाली नेहमीची वाट. मार्च २०२२ मध्ये नगरसेवकांची मुदत संपली आणि पुढे काही वर्षं निवडणूकच झाली नाही, तेव्हा हे सगळे टप्पे प्रशासकाच्या एका सहीत आले. तेव्हा लोकांना वाटायचं, नगरसेवक नाहीत तर काम वेगाने होईल. झालं इतकंच, की काम अडलं तर कोणाच्या दारात जायचं हेच कळेनासं झालं.

तुमचं काम मंजूर झालं की नाही हे कोणी फोन करून सांगत नाही. अंदाजपत्रकाचं पुस्तक संकेतस्थळावर येतं, त्यात सहभागी कामांची यादी क्षेत्रीय कार्यालयानुसार असते. तीत तुमची ओळ शोधा. सापडली तर तिचा फोटो काढून ठेवा, पुढचं वर्षभर तोच तुमचा पुरावा.

पेढे मात्र इतक्यात वाटू नका. अंदाजपत्रकातली तरतूद म्हणजे काम नव्हे. एप्रिलनंतर त्या ओळीचं पूर्वगणनपत्रक, म्हणजे खर्चाचा तपशीलवार अंदाज, व्हावं लागतं, मग निविदा, मग कार्यादेश, म्हणजे ठेकेदाराला काम सुरू करण्याचा आदेश. जून ते सप्टेंबर खोदकाम होत नाही. दिवाळी येते. मध्येच आचारसंहिता लागते. आणि या सगळ्यात एक शब्द कायम लक्षात ठेवा : वर्गीकरण. एका कामासाठी ठेवलेला पैसा दुसऱ्या कामाकडे वळवण्याचा हा रीतसर मार्ग. ‘सदर काम प्रत्यक्षात आवश्यक नाही’ किंवा ‘निधी शिल्लक राहत आहे’ अशा एका ओळीवर तुमचे साडेतीन लाख दुसऱ्या रस्त्याच्या डांबरात जातात. त्यात बेकायदा काही नसतं. ज्या कामाबद्दल विचारायला कोणी येत नाही, ते ‘आवश्यक नाही’ ठरवणं सोपं असतं इतकंच.

म्हणून माझी पद्धत अशी. मे महिन्यात एकदा जाऊन विचारायचं, पूर्वगणनपत्रक झालं का. पाऊस ओसरल्यावर पुन्हा, निविदा निघाली का. डिसेंबरात तिसऱ्यांदा, आणि या वेळी लेखी पत्र देऊन आवक क्रमांक घ्यायचा. आवाज चढवायचा नाही, दर वेळी तोच कागद पुढे करायचा. त्यानंतरही हालचाल नसेल तर २०१८ चा एक शासन निर्णय आहे : दर सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळात स्थानिक स्वराज्य संस्थांच्या कार्यालयांत नागरिकांना फाइली पाहता येतात. तिथे जाऊन आपल्या कामाची फाइल मागा. माहिती अधिकाराचा अर्ज आहेच, दहा रुपये आणि तीस दिवस. पण माझ्या मते तो शेवटी वापरावा. अर्ज आला की समोरचा माणूस कामाऐवजी उत्तर तयार करायला बसतो.

तुम्ही ‘देखावा’ म्हणालात त्यात तथ्य कुठे आहे तेही सांगतो. आपण सुचवतो, ठरवत नाही. आपल्या सूचनेवर मतदान होत नाही, आणि कोणती का नाकारली याचं कारण देण्याचं बंधन प्रत्यक्षात कोणी पाळताना दिसत नाही. ज्या ब्राझीलमधून ही कल्पना जगभर गेली, तिथल्या पोर्तो आलेग्रे शहरात गोष्ट निराळी होती. १९८९ मध्ये ओलिव्हियो दुत्रा महापौर झाल्यावर तिथे ती सुरू झाली. पुढे शहराचे १६ भाग करून प्रत्येकात लोकांच्या उघड सभा होऊ लागल्या. सभेत प्राधान्यक्रम ठरायचा आणि लोकांनी निवडलेले प्रतिनिधी वर्षभर एका परिषदेत बसून पैसे वाटायचे. वाटपाचं सूत्रही जाहीर होतं : लोकसंख्या किती, सोयींची वानवा किती, लोकांनी पहिलं प्राधान्य कशाला दिलं. वानवा जास्त तिथे गुण जास्त, त्यामुळे पैसा वस्त्यांकडे गेला. १९८८ मध्ये पाणी आणि सांडपाण्याच्या जोडण्या ७५ टक्के घरांना होत्या, १९९७ पर्यंत त्या ९८ टक्क्यांवर गेल्या. न्यूयॉर्कमध्ये २०११ पासून काही नगरप्रतिनिधी आपल्या वाट्याचे किमान दहा लाख डॉलर थेट मतदानाला टाकतात. अकरा वर्षांचं पोरही मत देऊ शकतं, नागरिकत्व विचारत नाहीत.

आपल्याकडे केरळने १९९६ मध्ये जनयोजना मोहिमेत राज्याच्या योजनाखर्चाचा ३५ ते ४० टक्के वाटा थेट स्थानिक संस्थांकडे दिला. गंमत म्हणजे महाराष्ट्रातही गावातल्या माणसाच्या हातात शहरी माणसापेक्षा जास्त आहे. ग्रामसभेला कायद्याचा आधार आहे, ग्रामपंचायत विकास आराखडा तिथे मांडावा लागतो, आणि सरपंचाला उभं करून हिशेब विचारता येतो. सगळीकडे विचारतात असं नाही, पण येतो. शहरांसाठी २००९ मध्ये कायदा बदलून क्षेत्रसभेची, म्हणजे ग्रामसभेसारख्या मतदारांच्या सभेची, तरतूद केली गेली. तुम्ही कधी क्षेत्रसभेची दवंडी ऐकली आहे का? मीही नाही.

आणि पोर्तो आलेग्रेचं पुढे काय झालं तेही ऐकून ठेवा, कारण तिकडचे गोडवे गाणारे हे सांगत नाहीत. सत्ता बदलली, तिजोरी आटली, मंजूर झालेली कामं वर्षानुवर्षं रखडू लागली, आणि २०१७ मध्ये तिथेच ही प्रक्रिया थांबवली गेली. मतदानाचा हक्क असूनही काम होईना, तेव्हा लोक सभेला यायचे कमी झाले. आपल्याकडे मतदान नाही आणि पाठपुरावाही नाही. मतदान माझ्या हातात नाही, म्हणून मी पाठपुराव्याला धरून बसलोय.

तुमच्यासाठी माझा सल्ला : पहिल्या वर्षी एकच काम निवडा. लहान, महापालिकेच्या जागेतलं, एकाच विभागाचं, आणि जीएसटीसकट ५ लाखांच्या पुष्कळ आत बसणारं. सोसायटीतल्या चाळीस जणांनी चाळीस वेगळी कामं सुचवण्यापेक्षा सगळ्यांनी त्या एकावर सह्या करा. जमलंच तर पलीकडच्या वस्तीतल्या लोकांच्याही सह्या घ्या, पण त्याआधी त्यांना काय हवंय ते विचारा. कदाचित तुमचंच काम बदलेल. नगरसेवकालाही एक प्रत द्या. उद्घाटनाला त्यांचा फलक लागला तर लागू द्या, त्यावरून भांडण्यात वर्ष घालवणारी मंडळी मी पाहिली आहेत.

काम नाकारलं गेलं तर कारण लेखी मागा. ‘जागा खासगी’ असेल तर विषय संपला, हस्तांतरणासाठी बिल्डरच्या मागे लागा. ‘खर्च मर्यादेबाहेर’ असेल तर पुढच्या वर्षी त्याच पदपथाचे दोन तुकडे करून द्या. ‘निधी उपलब्ध नाही’ असेल तर तोच फॉर्म, मागच्या वर्षीचं पत्र जोडून, मुदत सुरू झाल्याच्या पहिल्या आठवड्यात पुन्हा द्या. शेवटच्या दिवशी तिथे झुंबड असते आणि पोच द्यायलाही कोणाला सवड नसते.