बेळगावात व्हॅक्सिन डेपोच्या आवारात धावतो. मिनिटाला १६० पावलं पडतात, गुडघा दुखतो. १८० करू का?

थेट १८० नको. आधी १६८ पर्यंत न्या, म्हणजे ५ टक्केच वाढ. वेग तोच ठेवून पावलं वाढवली की पाऊल आपोआप आखूड पडतं, टाच शरीराच्या फार पुढे आपटत नाही आणि गुडघ्यावरचा भार उतरतो; संशोधक हायडरशाइट यांच्या २०११ च्या अभ्यासात हेच दिसलं. १८० हा आकडा धावण्याचे प्रशिक्षक जॅक डॅनियल्स यांनी १९८४ च्या ऑलिंपिकमधल्या धावपटूंची पावलं मोजून मांडला. ती शर्यत होती, तुमची सकाळची निवांत धाव नव्हे! मोबाइलवर मेट्रोनोम (ठरलेल्या गतीने टिकटिक ठेका देणारं अ‍ॅप) १६८ ला लावा आणि डेपोतल्या मातीच्या वाटेवर दोन-दोन मिनिटं त्या ठेक्यात धावा, मध्ये नेहमीसारखं. सुरुवातीला पोटऱ्या भरून येतील, चालायचंच. गुडघा सुजत असेल तर मात्र आधी डॉक्टरांना दाखवा.