आंबे – ० रुपये

वैशालीनं पर्समधून काढलेली वही शाळेच्या शंभरपानी वहीसारखीच होती, वर फक्त ‘घरखर्च’ लिहिलेलं. मे महिन्याचं पान उघडून तिनं माझ्यापुढे सरकवलं. कोथिंबीर १०. सईची झेरॉक्स १२. चप्पल शिवली ३०. आणि मधेच एक ओळ: ‘आंबे, शेजारच्या काकूंनी दिले – ०.’

‘‘फुकट मिळालं ते कशाला लिहिलंत?’’ मी विचारलं.

‘‘वर्षाच्या शेवटी बघताना कळावं ना मॅडम, यंदा आंबे खाल्ले होते ते.’’

तिनं हे अगदी साधेपणानं सांगितलं. शेजारी बसलेला नितीन मात्र खिडकीबाहेर बघायला लागला.

मी समुपदेशक. ही दोघं माझ्याकडे आली होती मुलीसाठी. सई नववीत. तिनं वर्गशिक्षिकेला सांगितलं होतं, ‘‘मी सहलीला येणार नाही, आम्ही गरीब आहोत.’’ बाईंनी फोन केला आणि नितीनच्या जिव्हारी लागलं. ‘‘दोघं मिळून लाखाच्या आसपास कमावतो आम्ही. गरीब कसले? कर्ज लवकर फेडतोय, एवढंच.’’ (नावं आणि नोकऱ्या बदलल्या आहेत, आकडे ढोबळ ठेवलेत.)

‘गृहकर्ज लवकर संपवायचं म्हणून पोटाला चिमटा घेतोय, पण घरात सतत धुसफूस चालते, आमचं काही चुकतंय का?’ हा प्रश्न माझ्याकडे फार येतो. कधी पत्रातून येतो, कधी असा मुलांच्या आडून. मी पैशांची सल्लागार नाही. कर्ज फेडावं की एसआयपी (म्युच्युअल फंडात दरमहा गुंतवणूक) करावी या वादात मी पडत नाही, तो ऑफिसच्या डब्याच्या टेबलावर रोज रंगतो. मला एवढंच बघायचं असतं की ही काटकसर घरात नेमकी कुणाच्या वाट्याला आलीय, आणि हिशेब कुणाला दिसतोय.

म्हणून दोघांना एकेक कागद दिला. गेल्या वर्षभरात कशाकशाला ‘नको’ म्हणालात ते लिहा, एकमेकांचं बघू नका.

नितीनच्या कागदावर चार ओळी. मोबाईल बदलला नाही. मित्रांबरोबर लोणावळा नाही. शर्ट नाहीत. चौथी ओळ वाचून मी थांबले. तो भांडुपहून अंधेरीला जातो. घाटकोपरला मेट्रो पकडणं सोडून तो रेल्वेच्या पासावर दादरपर्यंत जातो आणि तिथून वेस्टर्नची गाडी पकडून उलटा अंधेरीला. रोज जाऊन-येऊन तासभर जास्त, तोही दादरच्या पुलावरच्या गर्दीतून. म्हणजे हा माणूस स्वतः मजेत राहून घरच्यांना उपाशी ठेवणारा नव्हता.

वैशालीचा कागद भरला, मग तिनं तो उलटला. भिशी सोडली. गणपतीला माहेरी गेले नाही. स्टेशनवरून टेंभीपाड्यापर्यंत शेअर रिक्षा नाही, चालत. आईंनी पायाचा मसाज बंद केला. आणि शेवटी: ‘दाढेचं रूट कॅनल नंतर.’

‘‘नंतर म्हणजे कधीपासून?’’

‘‘झाले आठ महिने. चालतंय, डाव्या बाजूनं चावते.’’

नितीन म्हणाला, ‘‘हे मला माहीत नव्हतं.’’ ती म्हणाली, ‘‘तुम्ही जेवताना मोबाईलवर ते कॅल्क्युलेटर बघत असता.’’

पुढच्या भेटीत मी नितीनला एकट्याला बसवलं. त्याच्या वडिलांची गोष्ट निघाली. ते एका सहकाऱ्याला पतपेढीत जामीन राहिले होते. सहकारी हप्ते बुडवून गावी गेला तो परतलाच नाही, आणि वडिलांच्या पगारातून कपात सुरू झाली. न घेतलेलं कर्ज त्या माणसानं सहा वर्षं फेडलं. आई दर महिन्याला पगाराचं पाकीट मोजायची आणि रडायची, हे नितीननं लहानपणी पाहिलेलं. अशा घरात वाढलेल्या माणसाला ‘अरे, आठ-नऊ टक्क्यांचं कर्ज म्हणजे स्वस्तच की’ असं कुणी सांगितलं, तर त्याच्या डोक्यात ते शिरणार कुठून?

त्यात २०२१ नंतर जे घडलं त्यानं भर घातली. त्यानं ४५ लाखांचं कर्ज घेतलं तेव्हा व्याजदर होता पावणेसात टक्के, हप्ता ३४,२१६, मुदत वीस वर्षं. वयाच्या अठ्ठावनाव्या वर्षी, २०४१ साली, निवृत्ती आणि कर्जफेड एकदमच, असा त्याचा हिशेब. मे २०२२ पासून रिझर्व्ह बँकेनं रेपो दर (ती बँकांना ज्या दरानं पैसे देते तो) वाढवायला सुरुवात केली. फेब्रुवारी २०२३ पर्यंत तो ४ वरून साडेसहा टक्क्यांवर गेला आणि नितीनचा व्याजदर सव्वानऊला पोचला. बँकेनं हप्ता हजार-दीड हजारानंच वाढवला आणि बाकीचा भार मुदतीवर टाकला. कर्ज आता २०५१ साली संपणार होतं. म्हणजे अडुसष्टाव्या वर्षी. त्या दिवसापासून घरात वही आली.

तिसऱ्या भेटीला मी दोघांना कर्जाचं स्टेटमेंट आणायला सांगितलं. वैशालीनं ते त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं! दोन वर्षं जिनं दहा रुपयांची कोथिंबीर लिहिली, तिला मुद्दल किती उरलंय हे माहीत नव्हतं. नितीननं लपवलं होतं असं नाही. तिनं विचारलं नाही आणि यानं सांगितलं नाही.

वाचायलाही तिनंच घेतलं. तिचं बोट एका रकान्यावर थांबलं. ‘‘उरलेले हप्ते ३१० म्हणजे किती वर्षं हो?’’

मी कागदावर भागाकार केला. पंचवीस वर्षं दहा महिने. भेट होती २०२५ च्या जुलैमधली. तारीख पुन्हा २०५१ वरच.

नितीनचा चेहरा बघवेना. दोन वर्षांत चार वेळा मिळून त्यानं साडेपाच लाख जादा भरले होते. बोनस, वैशालीची भिशी, ती रिक्षा, ती मेट्रो, सगळं त्यात गेलेलं. आणि कर्ज एक महिनासुद्धा अलीकडे आलं नव्हतं.

गोम अशी होती. मुद्दलात जादा रक्कम भरली की दोन गोष्टी होऊ शकतात. हप्ता तोच ठेवून मुदत कमी करायची, किंवा मुदत तीच ठेवून हप्ता कमी करायचा. फॉर्मवर त्यासाठी दोन चौकटी असतात. चारही वेळा शाखेतल्या माणसानं ‘हप्ता कमी’वर खूण केली होती आणि नितीननं खाली सही ठोकली होती. हप्ता ३५,६०० वरून हळूहळू २८,५०० वर आला. नितीनला वाटत राहिलं, दर उतरले म्हणून हप्ता उतरला. थोडं खरंही होतं ते, २०२५ मध्ये फेब्रुवारी ते जून रेपो एका टक्क्यानं खाली आला आणि त्याचा दर सव्वाआठ झाला. पण बरीचशी घट त्याच्याच घामाची होती.

पैसे वाया गेले का? नाही. मुद्दल ४२ लाख ७० हजारांच्या आसपास होतं, ते साडेछत्तीस लाखांवर आलं होतं. त्यावरचं व्याज कमी झालंच. पण ज्या तारखेच्या भीतीपोटी घर आवळलं होतं, ती जागची हलली नव्हती.

मग कागदावर आकडे मांडले. साडेछत्तीस लाख, दर सव्वाआठ. २८,५०० चा हप्ता चालू ठेवला तर ३१० महिने. हप्ता पुन्हा पूर्वीचाच, ३५,६०० केला तर १७८ महिने. कर्ज २०४० मध्ये संपतं, निवृत्तीच्या आधी वर्षभर. व्याजात फरक पंचवीस लाखांच्या घरातला. शिवाय दर दिवाळीला एक लाख भरले, तर दहा-साडेदहा वर्षांत मोकळे. दर पुढे वरखाली होणार, तसे हे आकडेही हलणार, पण अंदाज यायला पुरेत.

वैशाली हळूच म्हणाली, ‘‘म्हणजे ३५,६०० आणि दिवाळीला लाख, एवढंच? आपण तर याच्याहून जास्त काढत होतो.’’ खरंच जास्त काढत होते. महिन्याला साताठ हजारांनी.

वैयक्तिक कर्जदाराच्या बदलत्या दराच्या गृहकर्जावर मुदतीआधी पैसे भरले तर बँकेला दंड लावता येत नाही, हा नियम २०१२ पासूनचा आहे. आणि ऑगस्ट २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेनं बँकांना सांगितलंय की दर बदलताना हप्ता वाढवायचा की मुदत, हे कर्जदाराला निवडू द्या, आणि किती हप्ते उरले ते दर तिमाहीला विवरणपत्रात दाखवा. म्हणजे वैशालीनं ज्यावर बोट ठेवलं तो रकाना कधीचा त्यांच्यापर्यंत येत होता. ईमेलमध्ये, न उघडलेला.

नितीनचा एक मित्र त्याला सांगत असे, ‘फेडू नकोस, टॅक्स वाचतो.’ मी विचारलं, तुम्ही कुठल्या करप्रणालीत आहात? नव्या. राहत्या घराच्या व्याजावरची दोन लाखांपर्यंतची वजावट जुन्या प्रणालीत मिळते, नव्यात नाही. तो मुद्दा तिथंच मिटला.

मला खटकली होती ती वेगळीच गोष्ट, आणि ती वैशालीनं दारातून निघता निघता सांगितली. मे महिन्यात दीड लाख भरून खातं रिकामं झालं आणि जूनमध्ये आईंच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन निघालं. मग तिच्या चार बांगड्या सोनेतारणात गेल्या. दर साडेअकरा टक्के. सव्वाआठचं कर्ज घाईनं फेडायचं आणि साडेअकराचं नवं काढायचं! नितीन म्हणाला, ‘‘तात्पुरतंच आहे ते.’’ मी त्याला म्हटलं, आधी बांगड्या सोडवा. मग सहा महिन्यांचा घरखर्च आणि हप्ते बाजूला ठेवा, आणि तोवर जादा एक पैसाही बँकेत भरू नका. हप्ता मात्र वाढवून घ्या. एवढं मी ठामपणे सांगितलं, कारण रिकाम्या खात्यानं कर्ज फेडणाऱ्या घरात पहिलं दुखणं येतं तेव्हा बाईचं सोनं जातं, हे मी अनेकदा पाहिलंय.

सईसाठी मी वेगळं काही केलं नाही. त्यांनी तिला आईजवळ बसवून तेच स्टेटमेंट दाखवायचं, एवढंच ठरलं. तिनं म्हणे पहिला प्रश्न विचारला, ‘‘मग तेव्हा मी किती वर्षांची असेन?’’ आणि दुसरा, ‘‘सहलीचे पैसे यात कुठं बसतात?’’ आजीनं मधेच तिचं जुनं पालुपद लावलं, अंथरूण पाहून पाय पसरावेत. सई म्हणाली, ‘‘आजी, अंथरूण आहे गं, आपण घडी घालून ठेवलंय.’’

डिसेंबरात दोघं पुन्हा आली. नितीननं मोबाईलवर फॉर्मचा फोटो दाखवला, ‘मुदत कमी’च्या चौकटीत त्यानं स्वतः केलेली खूण, खाली शाखेचा शिक्का. शाखेत दोन चकरा झाल्या, पहिल्या खेपेला ‘सिस्टीममध्ये होत नाही’ हे उत्तर मिळालं होतं, दुसऱ्या खेपेला वैशाली बरोबर गेली. चारपैकी दोन बांगड्या परत आल्यात. रूट कॅनल झालं. मेट्रो अजून सुरू केलेली नाही, दादरला आता सवय झालीय असं तो म्हणतो. माझा विश्वास बसलेला नाही.

वाद मात्र नवा घेऊन आले होते. दिवाळीचा बोनस आला होता आणि त्यातले चाळीस हजार नितीनला थेट मुद्दलात टाकायचे होते. वैशालीचं म्हणणं, आधी उरलेल्या दोन बांगड्या, मग बाजूला ठेवायची रक्कम पुरी, मग तुमचं मुद्दल. त्यानं कॅल्क्युलेटर काढला. तिनं वही काढली. चाळीस हजारांनी कर्ज किती महिने अलीकडे येतं यावर दोघांचे आकडे जुळेनात, आणि माझी वेळ संपली तरी जिन्यावरून दोघांचे आवाज ऐकू येत होते.

‘‘तुम्ही दर जुना धरलाय.’’

‘‘दाखव बघू वही.’’